मदत हवी आहे: आखूड केलेली १९०७ संगीन, सरकारी काम की व्यापाऱ्याचं?

जुन्या बाजारात .३०३ ली-एनफिल्ड रायफलची १९०७ पॅटर्नची संगीन मिळतेय. मुठीलगत एका बाजूला मुकुट, १९०७, बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीचं नाव आणि ५ १७, म्हणजे मे १९१७. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण नि वाकवून तपासल्याची एक्स खूण. मुठीच्या टोकाला भोक आहे. मुठीपुढच्या आडव्या पट्टीला वाकडा हुक नाही, पण या सालाला तो नसतोच.

मूळ पातं १७ इंचांचं, हे भरतं १२. पात्यावरची लांब खाच थेट टोकापर्यंत जाते, म्हणजे कापलेलंच. भारतात लष्करासाठीही अशा आखूड केल्या, त्यामुळे घाई करून नाही म्हणवत नाही. म्यानही आखूड, त्यावर तारीख नाही. पॉलिश पेपर लावू दिलेला नाही, फक्त तेलाचा बोळा फिरवला. परवान्याचं स्वतंत्रपणे बघतोय.

टोकाचं घासकाम, म्यानाची धातूची टोपी की नंतरचे भारतीय शिक्के, नेमकं काय पाहून अस्सल सरकारी काम ओळखायचं?