मदत हवी आहे : न्यूमार्केटचं पॅलेस हाउस कोणी आतून पाहिलंय का?

नमस्कार मंडळी,

जुन्या घरांच्या लाकूडकामावर लेख लिहितेय, त्यासाठी इंग्लंडमधल्या मंडळींची मदत हवी आहे. केंब्रिजच्या जवळ, न्यूमार्केटला पॅलेस हाउस आहे. राजा दुसरा चार्ल्स याने विल्यम सॅमवेल या वास्तुकाराकडून वाडा बांधून घेतला, त्याचा हा शिल्लक भाग. आता संरक्षित वास्तू आहे आणि २०१६ पासून तिथे घोड्यांच्या शर्यतींचं संग्रहालय आहे.

एकोणिसाव्या शतकात हे रॉथशील्ड घराण्याकडे होतं. त्यांच्या शर्यतीच्या घोड्यांचे ट्रेनर जोसेफ हेहो. १८७१ साली त्यांच्या हाताखालच्या फेव्होनियस या घोड्याने डर्बी ही शर्यत मारली आणि हॅना या घोडीने वन थाउजंड गिनीज, ओक्स, सेंट लेजर अशा तीन मोठ्या शर्यती जिंकल्या. एका तबेल्यातून, एकाच हंगामात! वाचून थक्क झाले.

माझा जीव मात्र अडकलाय तिथल्या एका खिडकीत. दुरुस्तीच्या कामात सापडलेली, साधारण १६७० ची, वर-खाली सरकणारी. अशा खिडकीत चौकटीच्या पोकळीत वजन लोंबतं, त्याची दोरी कप्पीवरून तावदानाला बांधलेली असते, म्हणून तावदान हवं तिथे थांबतं. या जातीच्या सर्वांत जुन्या खिडक्यांत तिची गणना होते.

कोणाकडे तिचे जवळून काढलेले फोटो आहेत का? कप्पी आणि लाकडाचे सांधे दिसले तर फारच उत्तम. त्या बाजूला कोणी जाणार असाल तर कृपया कळवा. तबेल्यांच्या विटकामाचे फोटोही चालतील.