फोर्कलिफ्टचा इंजिन दिवा ऑपरेटरने रिसेट करावा का?

गोदाम, चाकण
आमच्या 3 टनी डिझेल गाडीला पिवळा इंजिन दिवा लागला. रात्रपाळीत कुणीतरी बॅटरीची निगेटिव्ह काढून परत लावली, दिवा गेला. तिसऱ्या दिवशी भरल्या पॅलेटसकट रॅम्पवर इंजिनाने दम सोडला. फिटर आला तर मेमरीत दोषाचा कोडच नाही, अर्धा दिवस चाचपडण्यात गेला. माझं मत स्पष्ट आहे: कोड लिहून घेतल्याशिवाय दिव्याला कुणी हात लावायचा नाही.

डिस्पॅचवाला
पटत नाही. दाराशी ट्रक उभे असतात आणि फिटर परवाचा वायदा करतो. आमची गाडी धुतल्यावर दिवा लागला होता. कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. पुसलं, वाळवलं, रिसेट केलं, पुन्हा लागला नाही. दर दिव्याला गाडी उभी केली तर ते वजन हमालांच्या पाठीवर येतं. तो धोका नाही का?

जुना फिटर
आधी रंग बघा. ऑइलचा लाल दिवा चालू इंजिनात लागला तर त्या क्षणी इंजिन बंद, मग डिपस्टिक. तिथे रिसेटचा प्रश्नच नाही.
पिवळ्यात पूर्ण कोड वाचावा लागतो. बऱ्याच इंजिनांत त्याचे दोन वेगळे आकडे येतात: एसपीएन म्हणजे दोष कशात, एफएमआय म्हणजे दोष कोणत्या प्रकारचा. एसपीएन 110 म्हणजे कूलंटचं तापमान. सोबत एफएमआय 0 असेल तर इंजिन खरंच तापलंय. 3 असेल तर व्होल्टेज जास्त, म्हणजे बहुधा वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. पहिला आकडा तोच, काम वेगळं. तापलेल्या गाडीत रेडिएटरची जाळी बघा. स्ट्रेच फिल्मचे तुकडे आणि पुठ्ठ्याची धूळ चिकटून तिथे गोधडी झालेली असते. टोपी मात्र गरम असताना उघडू नका.
एसपीएन 97 म्हणजे डिझेलमध्ये पाणी. फिल्टरखालचा नळ सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा.
दुरुस्तीनंतर रिसेट हवाच, दोष गेला की नाही ते त्यानेच कळतं. दुरुस्तीआधी केला तर पुरावा पुसला जातो.

ऑपरेटर, रात्रपाळी
बॅटरी का काढतात ते मी सांगतो. दिवा कळवला की पहिला प्रश्न येतो, "काय केलंस गाडीला?" एकदा माझी हजेरी कापली होती. तेव्हापासून कोण कशाला सांगेल?

गोदाम, चाकण
दादा, हे मनाला लागलं, कारण परवा मीही हाच प्रश्न विचारला. तो चुकलाच. यापुढे कळवणाऱ्याला जाब नाही. डिस्प्लेचा आणि तासांच्या मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, एवढंच.

डिस्पॅचवाला
फोटोला माझी हरकत नाही. पण फोटो बघून "चालव" किंवा "उभी कर" हे रात्री दोन वाजता कोण सांगणार? ते नाव ठरेपर्यंत ऑपरेटर निगेटिव्हच काढणार.