ब्लार्नी स्टोन: चुरा का सुटतो, दाणे का गळतात

ब्लार्नी स्टोन म्हणजे आयसिंगमध्ये (पिठीसाखरेच्या पातळ लेपात) बुडवून भरडलेल्या शेंगदाण्यांत घोळवलेले केकचे चौकोन. बुडवताना आयसिंगमध्ये चुरा मिसळतो अशी तक्रार असेल, तर ती ताज्या केकमुळे आहे. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये सेंट पॅट्रिक डेला (१७ मार्च) होणाऱ्या या केकसाठी स्पंज आदल्या दिवशी भाजा, ४ सेंमीचे चौकोन कापा आणि तासभर फ्रीझरमध्ये ठेवा.

आयसिंगसाठी ५०० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम वितळलेलं लोणी, ९० मिली कोमट दूध. गार केक बुडवताना लोणी थिजून आयसिंग घट्ट होतं, तेव्हा चमचाभर गरम दूध घाला.

दाणे भाजलेले, खारे, जाडसर भरडलेले हवेत; खारेपणा सोडू नका, नाहीतर नुसता गोडमिट्ट लागतो. भरड चाळून बारीक कूट काढाच, तेच ओल शोषून लगदा करतं. एकेक बुडवून लगेच घोळवा. आयसिंगवर साय धरली की दाणे चिकटत नाहीत.