पाणीही अडकतंय? मग नुसती ॲसिडिटी म्हणू नका

कुणीतरी सल्ला दिलाय, 'घास अडकतो म्हणजे पित्तच, रात्री गार दूध घ्या.' थांबा जरा. आमच्या सदाशिव पेठेतल्या मावशीचं दीड वर्ष याच दुधात गेलं. आधी भाकरी अडकायची, मग पाणीसुद्धा. रात्री आडवी झाली की जेवण जसंच्या तसं उशीवर. वजन उतरत गेलं आणि डॉक्टर गोळ्या बदलत राहिले.

निघाला अकॅलेशिया, अन्ननलिकेचा आजार. अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू गिळताना सैल पडायला हवा. त्याला सैल करणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या की तो आवळलेलाच राहतो. नेहमीच्या जळजळीत नेमकं उलट, झडप नको तेव्हा ढिली पडते.

एंडोस्कोपी आधी हवीच, कॅन्सर नाही ना हे बघायला. पण मावशीच्या एंडोस्कोपीत विशेष काही दिसलं नाही, आणि तिथेच आम्ही फसलो. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसलं. मॅनोमेट्रीने, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने, खात्री पटली. (नाकातून नळी घालतात. मावशीने नळी घालणाऱ्या मुलाला अस्सल पुणेरीत सुनावलं.)

यावर उपाय म्हणजे तो आवळलेला स्नायू कापणं. त्यासाठी पोटावरून करायची हेलर शस्त्रक्रिया १९१३पासूनची. मावशीचं 'पोएम' झालं: तोंडातूनच दुर्बीण घालून आतला स्नायू कापतात. जपानच्या डॉ. इनोउए यांनी २००८ साली ते माणसांवर सुरू केलं. पोएमनंतर आम्ल वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. त्यामुळे मावशी आता खरोखरच ॲसिडिटीची गोळी घेते. भाकरी मात्र उतरते.