शब्दचर्चा : विहीर ‘पूर्ववत’ झाली म्हणजे नेमकं काय झालं?

समुद्रकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या मराठी ज्येष्ठांसाठी आम्ही काही जण मिळून एक छोटं माहितीपत्रक काढतो. या वेळचा विषय पाणी. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या नळाला येणारं पाणी कुठलं, आणि मधली बरीच वर्षं ते बहुतेक विकत का घ्यावं लागलं, हे दोन पानांत सांगायचंय. मजकूर तयार आहे, गाडी अडलीय शब्दांवर.

हकीकत थोडक्यात अशी. शहराला लागणाऱ्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा चार्नॉक नावाच्या विहिरींच्या समूहातून यायचा. ऑगस्ट १९९५ मध्ये नेहमीच्या तपासणीत त्या पाण्यात एमटीबीई सापडलं. पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात घालायचं हे रसायन. पेट्रोलच्या भूमिगत टाक्या आणि पाइप गळत होते, तिथून ते खाली उतरलं. १९९६ च्या मध्यापर्यंत चार्नॉकच्या पाचही विहिरी बंद झाल्या, शिवाय आर्केडिया या दुसऱ्या समूहातल्या दोन. मग मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टकडून कोलोरॅडो नदीचं आणि उत्तर कॅलिफोर्नियाचं पाणी विकत घेणं आलं. कोर्टकज्जे झाले, २००३ मध्ये तेलकंपन्यांशी तडजोड झाली, आणि २०१० च्या शेवटी चार्नॉकचं पाणी स्वच्छ करून पुन्हा शहराला मिळू लागलं.

अडलेले शब्द : अक्विफर (जमिनीखालचा पाणी धरणारा थर), मॉनिटरिंग वेल (पाणी तपासायची विहीर), प्लूम (गळतीपासून भूजलात लांबत जाणारं दूषित पाणी; इंग्रजीत मूळ अर्थ पीस), कंटॅमिनेटेड, आणि सगळ्यात जास्त छळणारा रिस्टोरेशन (पुन्हा पहिल्यासारखं करणं). कोशातले प्रतिशब्द माझ्याकडे आहेत. मला ऐंशीच्या घरातल्या, मिरज-सातारकडून मुलांकडे राहायला आलेल्या माणसाला एका वाचनात कळतील असे हवेत.

खडकमाळ

भूजल खात्यात नोकरी झाली, त्यामुळे पहिला नंबर माझा.

अक्विफरला ‘जलधर’. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कागदांत हाच शब्द रुळलाय. हिंदीतला ‘जलभृत’ कृपा करून आणू नका, तो उच्चारतानाच माणूस अडखळतो.

मात्र एक सांभाळा. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या कातळाचा. आपल्या माणसाच्या डोक्यात जमिनीखालचं पाणी म्हणजे खडकाच्या भेगेतून फुटणारा झरा. ‘पाणी लागलं’, ‘झरा आटला’ ही आपली भाषा त्या कातळातून आलेली आहे. सांता मोनिकाकडे वाळू-गोट्यांचे थर आहेत, पाणी त्या कणांमधल्या पोकळ्यांत असतं आणि थरभर हळूहळू सरकत असतं. म्हणून पहिल्यांदा ‘पाणी धरून ठेवणारा वाळूचा थर’ असं सविस्तर लिहा, मग कंसात जलधर, आणि पुढे खुशाल जलधर.

तळटीप

संस्कृतात आणि जुन्या मराठी कवितेत जलधर म्हणजे ढग. वर आकाशात असलेली वस्तू आपण दोनशे फूट जमिनीखाली नेऊन ठेवली आहे, एवढंच नोंदवतो.

खडकमाळ

कबूल. पण ढगाला आज जलधर कोण म्हणतं? शब्द रिकामा पडला होता, खात्याने घेतला.

गोदातीर

मॉनिटरिंगला सरकारी मराठीत ‘संनियंत्रण’ म्हणतात. तो शब्द वाचून आमच्या गावच्या ग्रामसेवकाशिवाय कुणाला काही कळल्याचं आठवत नाही. ‘देखरेख’ का नको?

खडकमाळ

देखरेख चालेल. विहिरीसाठी मात्र आमचा नेमका शब्द आहे : निरीक्षण विहीर. गावोगावच्या ठरावीक विहिरींची पातळी आम्ही जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजायचो. मे म्हणजे पावसाळ्याआधीचा तळ, ऑक्टोबर म्हणजे भरलेली विहीर.

करवंटी

मी कॅलिफोर्नियातच पर्यावरण सल्लागार कंपनीत आहे आणि अशा ‘निरीक्षण विहिरीं’वर उन्हात बरीच वर्षं काढली आहेत. एक अडचण सांगतो. विहीर म्हटलं की आपल्या माणसाला कठडा, रहाट, पायऱ्या, आत पोहणारी पोरं दिसतात. इथली निरीक्षण विहीर म्हणजे दोन किंवा चार इंचांची प्लास्टिकची नळी, रस्त्याच्या कडेला गटाराच्या झाकणासारख्या झाकणाखाली लपलेली. तुमच्या वाचकाला ‘निरीक्षण बोअर’ लिहा, लगेच कळेल. ‘कूपनलिका’ फक्त टेंडरमध्ये जगते.

नमुना कसा घेतात हेही लिहिणार असाल तर एक सुंदर घरगुती शब्द आपल्याकडे तयार आहे. नळीत बरेच दिवस उभं राहिलेलं पाणी थराचं खरं पाणी नव्हे, म्हणून ते आधी पंपाने काढून टाकतात. तापमान, आम्लता, विद्युतवाहकता यांचे आकडे स्थिर होईपर्यंत उपसायचं, मग नमुना. इंग्रजीत याला पर्जिंग म्हणतात. आपण सरळ म्हणावं, ‘शिळं पाणी काढून टाकतात’. आजीने कालचं पाणी ओतून हंडा पुन्हा भरला तरी हेच म्हणायची.

त्यानंतर ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, इतकी की पाण्याचा वरचा भाग फुगून यावा, आणि झाकण लावायचं. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर आला तर नमुना बाद, पुन्हा भरा. कारण ही रसायनं उडून जाणारी, ती बुडबुड्यातल्या हवेत निसटतात आणि प्रयोगशाळेला पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. मग बर्फाच्या पेटीत. नवीन पोरांचे पहिले काही दिवस बुडबुड्यांशी भांडण्यातच जातात.

समुद्रकाठ

‘शिळं पाणी’ घेतलं! आता प्लूम. मी ‘पिसारा’ लिहिलं होतं.

गोदातीर

पिसारा नको हो. दूषित पाण्याला मोर कशाला.

पूर्णाकाठ

आमच्या अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे खारपाण पट्टा आहे. गावंच्या गावं, जमिनीखालचं पाणी खारं. तिथे कुणी कोश उघडला नव्हता, लोकांनीच ‘पट्टा’ म्हटलं. तेव्हा ‘दूषित पट्टा’.

करवंटी

पट्ट्याला एक आक्षेप. खारपाण पट्टा पिढ्यान्पिढ्या आहे तिथेच आहे, नैसर्गिक आहे. प्लूमला उगम असतो आणि तो चालतो. एका टाकीतून गळायला सुरुवात होते आणि भूजल ज्या दिशेला सरकतं त्या दिशेला ते लांबत जातं. एमटीबीईचं तर वैशिष्ट्यच हे. पाण्यात चटकन विरघळतं, मातीच्या कणांना फारसं चिकटत नाही, जिवाणूही त्याला सहजी खात नाहीत. पेट्रोलमधलं बेंझिन मागे रेंगाळतं आणि एमटीबीई पाण्याच्या बरोबरीने पुढे निघून जातं. चार्नॉकला विहिरींपर्यंत तेच पोचलं यात नवल नाही. चालणाऱ्या गोष्टीला चालणारा शब्द हवा.

पूर्णाकाठ

मग ‘ओघळ’. तेलाच्या डब्याला ओघळ येतो, भिंतीवर ओघळ उतरतो. एका ठिकाणाहून सुटतो आणि उताराने जातो. ‘पेट्रोलचा ओघळ जमिनीखालून विहिरीकडे सरकला.’

तळटीप

ओघळला माझं मत. मोल्सवर्थच्या जुन्या शब्दकोशाकडे जाण्याचीही गरज वाटत नाही, आणि हे मी सहसा म्हणत नाही.

समुद्रकाठ

ओघळ पक्का. कंटॅमिनेटेडला ‘दूषित’ आणि ‘प्रदूषित’ यांत काही फरक मानता का?

गोदातीर

पिण्याच्या पाण्याला दूषित. नदीला आणि हवेला प्रदूषित. ‘दूषित पाण्यामुळे गावात कावीळ’ ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतोच. ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं तेही पाणी दूषित होण्याचा धोका असेल तेव्हा.

खडकमाळ

पण तिथेच गोची आहे. आपल्या वाचकाला ‘दूषित’ म्हणजे जंतू. उपाय कोणता, तर जलसुरक्षक येतो, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, किंवा घरी पाणी उकळायचं. एमटीबीईला टीसीएल काही करत नाही. उकळून पिण्याचा सल्ला इथे लागू नाही हे स्पष्ट लिहा. ‘पेट्रोलमधल्या रसायनाने दूषित’ असं पूर्ण लिहा, नुसतं दूषित नको.

करवंटी

अगदी. आणि ‘गढूळ’, ‘घाण’ हे तर मुळीच नको. पाणी दिसायला निवळशंख असतं. अगदी थोडं एमटीबीई असलं तरी टर्पेंटाइनसारखा वास आणि चव लागते. कॅलिफोर्नियाने चवी-वासासाठी मर्यादा ठेवली आहे लिटरला ५ मायक्रोग्रॅम, आरोग्यासाठी १३. चार्नॉकच्या पाण्यात ६१० पर्यंत सापडलं होतं.

समुद्रकाठ

आता मुख्य दुखणं. रिस्टोरेशनला मी तीन शब्द आलटून पालटून वापरलेत : शुद्धीकरण, पुनरुज्जीवन आणि पूर्ववत. मुलगी म्हणते तीन ठिकाणी तीन अर्थ होतायत.

चवदार

‘शुद्धीकरण’बद्दल थोडं वेगळं बोलतो. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं, शेण, गोमूत्र, दूध-दही घालून. पाण्यात दोष नव्हता, पिणाऱ्या माणसांना दोष मानला गेला होता. तळं सर्वांना खुलं असल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आमच्या घरात पाण्याच्या संदर्भात हा शब्द आला की आजही कान टवकारतात. वापरू नका असं म्हणत नाही. तो अगदी कोरा नाही, एवढं लक्षात असू द्या.

गोदातीर

मुद्दा मान्य. पण भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र लाखो लोकांच्या तोंडी आहे. तिथे ‘जल’ पुढे लागलं की गाळण्या, क्लोरीन, तुरटी डोळ्यांसमोर येतात, विधी येत नाही. ‘जलशुद्धीकरण’ घ्या, सुटं ‘शुद्धीकरण’ टाळा.

चवदार

हे पटतं.

तळटीप

जुना शब्द ‘निवळणे’. निवळीचं बी घासून पाणी निवळायचे. सुरेख क्रियापद आहे, वापरावं.

खडकमाळ

निवळतं ते गढूळ पाणी, खाली गाळ बसतो. विरघळलेलं रसायन कितीही वेळ ठेवा, निवळणार नाही. इथे तो शब्द सुंदर आहे म्हणून घेतला तर वाचक फसेल.

करवंटी

आता त्या तीन अर्थांकडे येऊ, कारण समुद्रकाठताईंची मुलगी बरोबर आहे.

चार्नॉकला झालं ते असं. पाणी पंपाने वर काढतात. पाचांपैकी ज्या तीन विहिरींचं पाणी बाधित होतं, ते मोठमोठ्या बंद टाक्यांत भरलेल्या दाणेदार सक्रिय कोळशातून सोडतात. एमटीबीई कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून बसतं. (एमटीबीईला पकडायला नारळाच्या करवंटीचा कोळसा चांगला, माझ्या टोपणनावाचा उगम तोच.) कोळसा भरला की बदलायचा. मग हे पाणी उरलेल्या विहिरींच्या पाण्याबरोबर आर्केडियाच्या केंद्रात जातं. तिथे लोह-मँगनीज काढतात, उलट परासरणाने (आरओ) जडपणा कमी करतात आणि ते शहरात सोडतात.

यात पूर्ववत झाला तो पुरवठा. वर्तमानपत्रं रोज छापतात तसं, ‘पाणीपुरवठा पूर्ववत’. विहिरी पुन्हा वापरात आल्या. पण जमिनीखालचा थर त्या दिवशी स्वच्छ झालेला नव्हता. तसं असतं तर कोळशाच्या टाक्या लागल्याच नसत्या. थर स्वच्छ होणं हे वेगळं आणि फार संथ काम. गळकी टाकी काढायची, खालची पेट्रोल मुरलेली माती काढायची किंवा तिच्यातून हवा ओढायची, आणि वर्षानुवर्षं उपसा करत राहायचं. उपशाचा एक फायदा असा की ओघळ विहिरीकडेच ओढला जातो, पलीकडे पसरत नाही. म्हणजे पाणी पुरवणारी विहीर राखणदारीही करते.

तेव्हा : पाण्याला ‘जलशुद्धीकरण’, पुरवठ्याला ‘पूर्ववत’, आणि थराला ‘जलधराची सफाई’. ‘पुनरुज्जीवन’ नदी-बारवांसाठी राहू द्या. बारवेतला गाळ काढला की ती जिवंत होते. इथला थर मेलाच नव्हता, त्यात पाणी भरपूर होतं.

पूर्णाकाठ

आणि शहराने विकत घेतलेल्या पाण्याला काय म्हणणार? ‘आयात पाणी’ वाचलं, विचित्र वाटतं.

गोदातीर

‘बाहेरचं पाणी’. आमच्याकडे टँकरलाही हेच म्हणतात.

समुद्रकाठ

सगळ्यांचे आभार. सुधारलेला परिच्छेद टाकतेय :

“चार्नॉकच्या विहिरी शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसच्या हद्दीत आहेत. तिथे पाणी धरून ठेवणारा वाळूचा थर (जलधर) आहे. गळक्या टाक्या आणि पाइपांमधून निघालेला पेट्रोलचा ओघळ या थरात शिरला आणि १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या. शहर बरीच वर्षं मुख्यतः बाहेरच्या पाण्यावर राहिलं. २०१० च्या अखेरीपासून हे पाणी कोळशाच्या टाक्यांतून जलशुद्धीकरण करून पुन्हा नळाला येतं. थराची सफाई अजून पूर्ण झाली असं समजू नये. निरीक्षण बोअरमधून पाणी तपासत राहणं आणि उपसा चालू ठेवणं यासाठीच गरजेचं आहे. हे दूषण जंतूंचं नव्हतं, त्यामुळे पाणी उकळून पिण्याचा सल्ला इथे लागू नव्हता.”

खडकमाळ

चांगलं झालंय. ‘कोळशाच्या टाक्यांतून जलशुद्धीकरण करून’ खटकतं. ‘कोळशाच्या टाक्यांतून गाळून’ करा.

करवंटी

‘गाळून’ नको, कण अडवल्यासारखं वाटतं. ‘कोळशाच्या टाक्यांतून सोडून, रसायन काढून’ असं लिहा. दोन शब्द वाढतील, वाढू देत.

तळटीप

‘दूषण’ म्हणजे दोष देणे असाही अर्थ आहे. ‘हा दोष जंतूंचा नव्हता’ जास्त सरळ.

समुद्रकाठ

दोन्ही बदल केले. छपाई गुरुवारी आहे, त्याच्या आत अजून काही दिसलं तर कळवा.