पावसात धबधबे बंद ठेवायचे, की वाटेवर माणूस उभा करायचा?

पऱ्याकाठचा
पाऊस लागला की ताम्हिणीखालच्या देवकुंड धबधब्याच्या वाटेवर बंदीचा फलक लागतो. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यातलं १६३. आकडा बदलला, फलक तोच.

आम्ही भिरा-पाटणूसच्या बाजूचे. शनिवार-रविवारी गावातली पोरं वाटाड्या म्हणून जातात, चार घरांत पिठलं-भाकरी होते, कुणाच्या अंगणात गाड्या लागतात, एखादी म्हातारी कणसं भाजते. धबधबा पुढे हिवाळ्यातही वाहतो, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला तो पावसातच आठवतो.

बंदीने माणूस थांबत नाही, वाट बदलतो. नाक्यावर पोलीस दिसला की मागच्या रानातून शिरतो, तेही एकटा, कारण वाटाड्या गुन्ह्याला घाबरून घरी बसलेला. गेल्या वर्षी चुकलेल्या चौघांना आमच्या पोरांनी अंधारात शोधून आणलं. वर त्यांनाच विचारलं, "तुम्हीच नेलं होतंत ना?"

कासला दिवसाला ३००० माणसांची मर्यादा चालते. खाली कोलाडला त्याच कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. मग इथेच कुलूप का?

दोरखंड
कोलाडचं उदाहरण चुकलं, दादा. तिथलं पाणी मुळशी धरणातलं, भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. कधी सुटणार ते माहीत असतं, अंगात लाइफ जॅकेट, होडीत जाणता माणूस. देवकुंडला पाणी आभाळातून येतं आणि ते तुमच्या डोक्यावर नाही, वर ताम्हिणीच्या माथ्यावर पडतं. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिमी पाऊस झाला. खाली भुरभुर असताना वरून लोंढा येतो. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना छातीला लागतो, आणि पलीकडे शे-दीडशे माणसं.

आमचं बचाव पथक अशा वेळी बोलावलं जातं. चिखलातून स्ट्रेचर आणायला आठ माणसं लागतात, दर शंभर पावलांना खांदेपालट. कासला फुलं बघताना कुणी वाहून जात नाही.

पऱ्याकाठचा
ते स्ट्रेचर मीही धरलंय. तुम्ही शहरातून निघून पोचेपर्यंत कोण असतं तिथे? आमचीच पोरं, बैल बांधायचा दोर घेऊन. त्यांना शिकवा, दोर द्या, विमा काढा. पाणी वाढलं की त्यांनीच वाट बंद करावी. चार महिने सरसकट कुलूप हा कामचुकारपणा आहे.

डोंबिवली_फास्ट
माझा जीव, माझी जबाबदारी. सरकारने मध्ये पडू नये.

दोरखंड
घरून निघताना तसं लिहून ठेवा, म्हणजे आम्हाला उतरावं लागणार नाही.

व्हाळातलो खेकडो
आमच्या आंबोलीत धबधबो रस्त्याकच लागून, म्हणान बंदी करूक कोणाक जमणा नाय. पण रविवारी घाटात गाड्यांची रांग, रुग्णवाहिकेक वाट नाय. व्हाळाक पाणी येवक येळ लागना नाय, तां सगळ्यांका दिसता. बाटलेचो ढीग कोणाक दिसना नाय. पहिल्या पावसात कातळावरच्या डबक्यांत आमच्या आंबोलीचो बेडूक अंडी घालता. त्याच कातळार लोक गाडी चढवतत नि गाणी लावतत. मर्यादा होयीच, मगे ती माणसांची असो की गाड्यांची.

भाताची काकी
मी त्याच वाटेवर जेवण करून देते, पण खरं सांगू का, बंदी लागली की मला बरं वाटतं. ऐन लावणीत गडी मिळत नाही, सगळे पार्किंगला उभे. आवणातली भाताची रोपं पिवळी पडायला लागतात. आणि येणाऱ्या बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा नाही, त्या आमच्या गोठ्यात येतात. आधी दोन खोल्या बांधा, मग पर्यटन म्हणा. कापणी उरकल्यावर नोव्हेंबरात या म्हणावं, पाणी निळंशार असतं.

पऱ्याकाठचा
काकी, लावणीचं खरं आहे, माझंही खाचर गेली दोन वर्षं उशिरा लागलं. पण नोव्हेंबरात दिवसाला दहा गाड्या येतात. त्यात तुमची एक शेगडी चालेल, बाकीच्या पाच नाही.

दोरखंड
एक विचारतो. पहिल्या ओढ्यातल्या कातळावर पांढरी पट्टी मारली, पाणी पट्टीला लागलं की परत फिरायचं, तर तुमची पोरं शंभर माणसांना परत फिरवतील? प्रत्येकाचे पैसे बुडत असताना?

पऱ्याकाठचा
पैसे आधी घेतले तर नाही फिरवणार, हे कबूल. परतल्यावर घेतले तर फिरवतील. पट्टी आम्ही एकदा मारली होती, शेवाळाने खाल्ली. उन्हाळ्यात रंग घेऊन या, जागा मी दाखवतो.

दोरखंड
येतो. पण पट्टी मारली म्हणून बंदी उठवा, असं मी कुठेही लिहून देणार नाही.