क्लॉडियस घराणं : कर्तृत्व मोठं की नुसतं नाव?

तिरपागडा : रोममधलं क्लॉडियस घराणं म्हटलं की लोकांना सम्राट नीरो आठवतो. तो तर दत्तक! या घराण्याची खरी पुण्याई जमिनीत आहे. इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियस सेन्सॉर झाला. खानेसुमारी आणि सरकारी कंत्राटं बघणारं हे बडं पद. त्याने रोम ते कापुआ रस्ता काढला, शहराला बाहेरून पाणी आणलं. सोळा-एक किलोमीटरचा पाट, जवळजवळ सगळा भुयारी. त्याचा आप्पिया रस्ता २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. सम्राट येतात नि जातात हो.

खवचट खोत : पाण्याचं तरी सांगू नका! झरे शोधले त्याच्या जोडीचा सेन्सॉर प्लॉटियसने. दीड वर्षाची मुदत संपली तसा तो पायउतार झाला. आप्पियसही होईल अशी त्याची समजूत. हा पठ्ठ्या काम पुरं होईपर्यंत खुर्ची सोडेना. पाटाला नाव कुणाचं लागलं? आप्पियसचं. आणि पैसा सरकारी खजिन्यातला, सिनेटला, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेला, न विचारता.

तिरपागडा : खुर्ची सोडली असती तर पाणी आलं असतं का? हे घराणं २८ वेळा कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर, झालं, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. नुसत्या नावावर एवढं मिळत नाही.

खवचट खोत : नावावरच मिळतं! इ.स.पू. २४९, सिसिलीतल्या द्रेपानाची आरमारी लढाई. लढाईआधी शकुनाच्या कोंबड्यांनी दाणे टिपले तर शुभ मानायचे; त्या टिपेनात, तर सेनापती पुब्लियस क्लॉडियसने त्या समुद्रात फेकल्या. खात नाहीत तर पिऊ देत म्हणे. नव्वदावर जहाजं गेली. पुढे त्याची बहीण गर्दीत अडकली, तर म्हणाली, भाऊ परत यावा आणि आणखी एक आरमार बुडवावं, म्हणजे गर्दी तरी कमी होईल. तिला दंड झाला, एवढाच काय तो दिलासा.

काठावरची : तुम्ही दोघं वाड्यातच फिरताय. मुक्त झालेला गुलाम धन्याचं कुलनाम लावायचा. सम्राट क्लॉडियसचा चिटणीस नार्सिसस हा असाच क्लॉडियस. इंग्लंडात चिचेस्टरला एक शिलालेख आहे, कारागिरांच्या संघाने बांधलेल्या देवळाचा. त्यात तिथल्या राजाचं नाव तिबेरियस क्लॉडियस तोगिदुब्नस! रक्ताचा संबंध शून्य. वारसा म्हणायचा तर हा.

खवचट खोत : ताई, गुलामाने ते नाव हौसेने लावलं का? धन्याचा शिक्का तो, सुटल्यावरही न पुसणारा.

काठावरची : गुलामाचं मान्य. पण तोगिदुब्नस राजा होता, त्याच्यावर कुणाची मालकी होती? नागरिकत्वाबरोबर मिळालेलं नाव मिरवलंच ना त्याने.

तिरपागडा : आणि रस्ता? त्यावर कुणी बोलतच नाही!